मेगापिक्सेलआधी सेन्सरचं विचारा

नमस्कार श्रोतेहो. अंगणासाठी फ्लडलाइटवाला कॅमेरा घ्यायला गेलात की दुकानात आधी मेगापिक्सेल ऐकवले जातात. तुम्ही आधी सेन्सरचं विचारा. दिवा कधी लागणार आणि चित्रण कधी सुरू होणार, हे बहुतेक कॅमेऱ्यांत त्याच्यावरच ठरतं.

हा सेन्सर बहुधा पीआयआर, म्हणजे उष्णतेवरून हालचाल टिपणारा असतो. तो माणूस ओळखत नाही. आजूबाजूपेक्षा गरम असलेलं काहीतरी सरकतंय, एवढंच त्याला कळतं. समोरून आडवं जाणारं माणूस तो चटकन पकडतो, सरळ त्याच्याकडे चालत येणारं उशिरा. म्हणून कॅमेरा फाटकाच्या अगदी समोर न लावता बाजूच्या भिंतीवर लावा, म्हणजे येणाऱ्याची वाट त्याच्यासमोरून आडवी जाईल. एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा त्याच्या टापूत येऊ देऊ नका, नाहीतर रात्रभर उगाच दिवा लागत राहील.

विदर्भातल्या श्रोत्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. मे महिन्यात दिवस मावळला तरी फरशी आणि भिंती तापलेल्याच असतात. भोवतालची उष्णता अंगाच्या उष्णतेजवळ पोचली की सेन्सरला फरक जाणवत नाही आणि माणूस सुटून जातो. तिथे चित्रावरूनही माणसाचा आकार ओळखणारा कॅमेराच घ्या. थोडे जास्त पैसे जातात, पण ते सत्कारणी लागतात.

उंची आठ ते दहा फूट. चौदा फुटांवर चढवलात तर टोप्या आणि केस दिसतील, चेहरा नाही. साध्या अंगणाला 2000 लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) दिवा पुष्कळ झाला; कपड्यांचा, गाडीचा रंग कळतो. पांढऱ्या दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे कोळी. लेन्ससमोरचा एक धागा रात्री असा चमकतो की निम्मं चित्र पांढरं होतं. पंधरा दिवसांनी मऊ कापड फिरवा.

कोकणच्या पावसात आयपी 66 लिहिलेला, म्हणजे धूळ-पाण्याला दाद न देणारा कॅमेरा घ्या. तरीही पाणी बहुधा वायरीवरून आत शिरतं. वायर भिंतीवरच्या जोडणीच्या खोक्यात नेण्याआधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे थेंब झोळातूनच गळून पडतो. खोकं आणि भिंत यांच्यामधल्या फटीत सिलिकॉन वरून आणि दोन्ही बाजूंनी भरा, खालची कड मोकळी सोडा. आत गेलेलं पाणी निघायला वाट हवी.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो बटणाचा. पोर्चच्या जुन्या दिव्याची लाइन कॅमेऱ्याला जोडतात आणि गावाला निघताना घरातलं कुणीतरी सवयीने ते बटण बंद करतं. कॅमेरा नेमका तेव्हाच मेलेला असतो. वायरमनकडून कायम चालू राहणारी फेज घ्या, अर्थिंग जोडून घ्या. काम सुरू करण्याआधी एमसीबी पाडून टेस्टर लावून बघायला सांगा. इन्व्हर्टर असेल तर राउटरही त्याच्यावर ठेवा. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या कॅमेऱ्यावर फक्त 120 व्होल्ट लिहिलं असेल, तर तो आपल्या 230 व्होल्टला जोडू नका. 100 ते 240 लिहिलेलं हवं.

शेवटचे स्क्रू आवळण्याआधी, अंधार पडल्यावर एकाला फाटकातून दारापर्यंत चालायला लावा आणि दुसऱ्याने मोबाइलवर बघावं. दिवा कितव्या पावलाला लागतो ते मोजा. फाटकाशीच लागला नाही, तर कॅमेरा थोडा वळवा आणि पुन्हा चालायला सांगा.