श्वीत्सचं 1287 सालचं घर

नमस्कार श्रोतेहो. स्वित्झर्लंडला ज्याच्यावरून नाव मिळालं ते श्वीत्स गाव तसं लहानसंच. स्विस लोक आपल्या देशाचा जन्म ज्या 1291 सालच्या करारापासून मोजतात, तो तिथेच जपून ठेवलाय. आणि त्या कराराहून चार वर्षांनी थोरलं एक लाकडी घरही त्याच गावात उभं आहे. त्याचं नाव हाउस बेथलेहेम, साल 1287.

असं साल काढायचं तर पुरावा लाकडातच असतो. तुळईत पोकळ गिरमिट घालून पेन्सिलीएवढी कांडी काढतात आणि तिच्यातल्या वार्षिक वलयांची रुंदी मोजतात. चांगल्या वर्षी वलय रुंद, वाईट वर्षी अरुंद. हा क्रम त्या प्रदेशाच्या ठाऊक असलेल्या क्रमाशी जुळवायचा, त्यासाठी पन्नासएक वलयं तरी हवीत. खरी मेख शेवटच्या वलयात असते. सालीलगतचं वलय सुताराने तासून टाकलं असेल, तर झाड नेमकं कधी पाडलं ते सांगता येत नाही. शिवाय एखादी तुळई आधीच्या घरातली असू शकते. म्हणून एका कांडीवर भागत नाही.

झाड पाडल्याचं साल घरालाही कसं लागू पडतं? तर तिथले सुतार लाकूड ओलं असतानाच वापरत. आपल्याकडे न वाळवलेलं सागवान चौकटीला लावलं तर सुताराचं नाव खराब होईल! पण आडव्या ओंडक्यांच्या भिंतीत हे चालतं, आकसण्याचा हिशोब आधीच धरला असेल तर. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, जाडीत आकसतं. त्यामुळे अशी भिंत दर मीटर उंचीमागे दोन-तीन सेंटिमीटर खाली बसते. दाराची उभी चौकट मात्र आहे तेवढीच राहते. म्हणून चौकटीच्या डोक्यावर फट सोडतात. ती सोडली नाही, तर वरचे ओंडके चौकटीवर अडकतात आणि शेजारच्या भिंतीत भेगा पडतात.

जमिनीच्या फळ्याही आकसतात. त्यावर आल्प्समधल्या जुन्या घरांत एक झकास युक्ती आहे. मधली एक फळी पाचरीसारखी निमुळती करून तिचं टोक भिंतीबाहेर काढलेलं असतं. फळ्यांत फटी पडल्या की बाहेरून चार घाव घालायचे, जमीन पुन्हा घट्ट.

अशी घरं कुजतात ती खालून. पागोळ्यांचं पाणी जोत्याजवळ आपटून सर्वांत खालच्या ओंडक्यावर उडतं. ओंडक्यांमधल्या फटीत सिमेंट भरलं तर आणखी वाईट, कारण लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही. मग पाणी मागे शिरतं आणि तिथेच मुरतं. पूर्वी शेवाळ ठासत, ते लाकडाबरोबर दबतं.

याच गावात 1176 सालचं आणखी एक घर होतं, निडरऑस्ट नावाचं. ते 2001 साली उतरवण्यात आलं. बेथलेहेम आज संग्रहालय म्हणून पाहायला मिळतं.