आठ कलांचा फरक

फळ्यावर दोन खिळे ठोका, एकमेकांपासून ९.३ सेंटिमीटरवर. एक मीटर दोऱ्याची दोन टोकं त्यांना बांधा. आता पेन्सिलीनं दोरा ताणून धरा आणि ताण न सोडता पूर्ण फेरी मारा.

ही मंगळाची कक्षा. लंबवर्तुळच आहे, पण दिसतंय अगदी वर्तुळासारखं! लांबी एक मीटर, आणि रुंदी त्याहून जेमतेम चार मिलिमीटर कमी. पुस्तकांत कक्षा अंड्यासारखी लांबट काढतात, त्यामुळे खरी गंमत नजरेतून निसटते. ती खिळ्यांमध्ये आहे. सूर्य मधोमध नाही. तो एका खिळ्यावर, म्हणजे एका नाभीवर आहे. मध्यापासून साडेचार सेंटिमीटरहूनही दूर. दुसऱ्या खिळ्यावर काहीच नाही.

चार मिलिमीटरचा हा फरक खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरला सापडला कसा?

टायको ब्राहे या खगोल निरीक्षकानं दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी, वर्षानुवर्षं मंगळाच्या जागा टिपल्या होत्या. १६०१ मध्ये प्रागला तो वारला आणि त्या नोंदी केप्लरच्या हाती आल्या. केप्लरनं वर्तुळ बसवून पाहिलं. गणित जवळपास जुळलं. चूक राहिली आठ कलांची; एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. आठ कला म्हणजे चंद्रबिंबाच्या साधारण पाव भागाएवढी चूक. टायकोची नजर चुकली असेल, असं म्हणून तो मोकळा होऊ शकला असता. पण त्याचा टायकोवर विश्वास होता. त्यानं वर्तुळच सोडलं, दोन हजार वर्षं पवित्र मानलेलं वर्तुळ. १६०९ मध्ये लंबवर्तुळ छापून आलं.

त्यामागचं कारण न्यूटननं १६८७ मध्ये सांगितलं. अंतर दुप्पट झालं, की सूर्याची ओढ चौपट कमी होते. मंगळ सूर्याकडे येताना वेग घेतो. सर्वांत जवळ, सुमारे २०.७ कोटी किलोमीटरवर, तो सेकंदाला २६.५ किलोमीटर धावतो. तिथली ओढ जोरदार खरी, पण एवढ्या वेगाला वर्तुळात वळवायला ती अपुरी पडते. मंगळ बाहेर निसटतो, चढावर सायकल मंदावावी तसा मंदावतो. २४.९ कोटी किलोमीटरवर वेग उरतो २२. आता तो त्या अंतरासाठी फारच हळू आहे. ओढ पुन्हा वरचढ ठरते, आणि मंगळ आत वळतो.

म्हणूनच मंगळाच्या उत्तर गोलार्धात, तो दूर आणि संथ असतानाचा वसंत चालतो तिथले १९४ दिवस, आणि जवळ आणि वेगात असतानाचा शरद फक्त १४२.