डोळ्याभोवतीचा काळा

मंडळी, नमस्कार. एवढ्या पावसात छत्र्या सांभाळत आलात, आधी त्याबद्दल आभार. पत्रिकेत विषय छापलाय ‘पक्षी, चित्रकार आणि वियोग’. मला पाऊण तास दिलाय. वाळपईची शेवटची बस चुकवून चालणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण मलाही त्याच बसने जायचंय.

समोर माझे आठ-दहा विद्यार्थी दिसताहेत. काहींचे केस माझ्याइतके पांढरे झालेत. त्यांना आठवत असेल, मी पहिल्याच तासाला कावळा काढायला सांगायचो. मुलांना मोर हवा असायचा. मोर कुणीही काढतो, कावळा काढून दाखवा! निम्मी मुलं वर बघायचीसुद्धा नाहीत, काळा खडू उचलायची आणि अख्खा कावळा घासून काळा करायची. मग मी खिडकी उघडायचो. बाहेर डबा खाणाऱ्या मुलांभोवती कावळे असायचेच. बघा, मान राखाडी आहे. तुझा झाला डोमकावळा, तो वेगळा, त्याची चोच वेगळी, त्याचा आवाज वेगळा. रोज दारात येणाऱ्या पाहुण्याचा चेहरा तुला माहीत नाही? एवढं एक शिकवण्यात माझी चौतीस वर्षं गेली, आणि आजही मला तेच सांगायचंय. ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याचा बारकावा चुकवायचा नाही. तो डोळ्यांसमोर असतानाही नाही आणि गेल्यावर तर मुळीच नाही.

जहांगीर बादशहाचा चित्रकार मन्सूर, पक्षी रंगवणारी इंग्रज बाई एलिझाबेथ गुल्ड आणि आपले पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली या तिघांवर बोलायचं कबूल केलंय, ते बोलतोच. पण त्याआधी एका कॅलेंडरची गोष्ट सांगायला हवी.

आमच्या गावच्या देवराईत एक जुना बेहडा आहे. जमिनीपासून तीस-चाळीस फुटांवर त्याला ढोली आहे. तिथे मलबारी कवड्या धनेशाची जोडी घर करायची. शिमग्याच्या सुमारास मादी आत शिरते आणि विष्ठा, माती, फळांचा गर यांनी तोंड लिंपून घेते. राहते ती बोटभर रुंदीची उभी फट. आत बसल्यावर तिची उडायची पिसं गळतात. म्हणजे अंडी, पिल्लं आणि ती स्वतः, सगळ्यांचा भार बाहेरच्या नरावर. तो वडा-उंबराची फळं गळ्यात भरून आणतो. बुंध्याला धरून बसतो, मान मागे टाकतो, एक फळ वर काढून चोचीच्या टोकावर आणतो आणि फटीतून देतो. मग दुसरं. मग तिसरं. आतून नुसतं चोचीचं टोक दिसतं. एकदा आम्ही एका खेपेत सत्तेचाळीस फळं मोजली. आम्ही म्हणजे मी आणि आमची ही. खरं सांगायचं तर मोजली तिनेच, मी वहीवर मान घालून होतो. घरातलं सगळं आवरून ती डब्यात पेज आणि तोरांचं, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं, लोणचं घेऊन यायची, माझ्या मागे दगडावर बसायची आणि हळूच सांगायची, “आयलो.” म्हणजे आला. तिचे कान माझ्यापेक्षा तिखट. धनेशाच्या पंखांचा फस्-फस् आवाज मला यायच्या आधी तिला यायचा.

आता एक बारीक गोष्ट सांगतो, ती ध्यानात ठेवा. या धनेशाच्या नरमादीत लांबून फरक कळत नाही. दोघेही काळेपांढरे, दोघांनाही ती मोठी चोच आणि वर शिरस्त्राण. पण मादीच्या डोळ्याभोवतीची कातडी पांढरी असते. नराची काळसर, निळ्याकडे झुकणारी, आणि बुबुळ लाल. तो काळा मी ट्यूबमधून काढत नाही. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना घालून करतो, म्हणजे त्यात जीव राहतो. पांढरा तर जलरंगात लावायचाच नसतो, कागद कोरा सोडायचा. म्हणजे नर काढताना डोळ्याभोवती कागद झाकायचा आणि मादी काढताना राखायचा. एवढ्याशा जागेवर नर की मादी ते ठरतं.

दोन उन्हाळे बसून मी ते चित्र पुरं केलं. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या पावसात कागदाला आठ दिवसांत बुरशी धरते, म्हणून ही माझ्या वह्या तांदळाच्या पिंपात ठेवायची. वरण-भाताला घेतलेल्या तांदळात कधी रंगाची खपली निघायची, तर निवडून बाजूला काढायची. कुरकुर नाही. ते चित्र एका कचेरीने कॅलेंडरसाठी मागितलं. नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. मी आनंदाने दिलं. डिसेंबरात पन्नास प्रतींचा गठ्ठा घरी आला. मी सुतळी कापली, वरची प्रत उचलली, रंग बरे उतरलेत म्हणून खूश झालो. हिने मागून बघितलं आणि म्हणाली, “अहो, आयकलें? ह्यो दोगीय बायलोच!”

दोघीही बायका! छापणाऱ्या कुणीतरी नराच्या डोळ्याभोवती पांढरं कडं घातलं होतं. आत मादी, बाहेर मादी. तीनेक महिने राबणारा बाप चित्रातून पुसून टाकला होता.

मी तसाच स्कूटरला किक मारून गेलो. तिथे सांगण्यात आलं, सर, डोळा उठून दिसत नव्हता, म्हणून जरा उजळ केला. मी नरमादीचं सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, सर, एवढं कोण बघतंय? मंडळी, त्या वाक्याने मला जेवढं दुखलं तेवढं कुठल्याही टीकेने दुखलं नाही. कोण बघतंय? ती आत अडकलेली मादी बघते! तिचं आयुष्य त्या डोळ्याकडे बघण्यावर चाललंय. असो. कॅलेंडर वाटून झाली होती, परत घेणं शक्य नव्हतं. घरी येऊन मी न जेवता आडवा झालो.

संध्याकाळी उठून बघतो, तर ही ओसरीवर पाय पसरून बसली आहे. मांडीवर गठ्ठा, हातात मुलाचा काळा स्केचपेन. एकेक कॅलेंडर घ्यायचं, डाव्या हाताच्या अंगठ्याने चित्र घट्ट दाबायचं, जीभ दातांत धरायची आणि डोळ्याभोवतीचं पांढरं भरायचं. मग त्यावर फुंकर. मग पुढचं. बुबुळाला धक्का नाही, रेष बाहेर नाही. पन्नासच्या पन्नास तिने दुरुस्त केली. मी म्हटलं, अगं, बाकीच्या हजार घरांत चुकीचंच लागणार. ती म्हणाली, आपल्या हातून जातात ती तरी बरोबर जाऊंदेत. तुमच्यापैकी काहींच्या घरी त्यातलं एखादं लागलं असेल.

ती गेली, त्याला या श्रावणात सहा वर्षं होतील. आजारपणाबद्दल बोलत नाही. शेवटचे काही दिवस मी तिला चमच्याने पेज भरवत होतो. दर चमच्याला मला बेहड्यावरचा तो नर आठवायचा, मान मागे टाकून एकेक फळ वर काढणारा.

बाराव्यापर्यंत तिचा मोठा फोटो करून आणला. हार घालून भिंतीला लावला. मी समोर बसलो आणि मला ती ओळखूच येईना. स्टुडिओवाल्याने रंग उजळ केला होता. डोळ्यांखालच्या सुरकुत्या नव्हत्या. हनुवटीच्या डाव्या बाजूला तीळ होता, तोही नव्हता. त्या बिचाऱ्याने भल्या मनानेच केलं असणार, दुखवट्याच्या घरी चांगलं दिसावं म्हणून. पण माझ्यासाठी ती त्या दिवशी दुसऱ्यांदा गेली. लोक येऊन सांगायचे, किती प्रसन्न दिसतात वहिनी. आणि माझ्या मनात एकच, तीळ कुठे आहे?

तेव्हा लक्षात आलं, माझ्या कपाटात पक्ष्यांच्या शंभरावर वह्या आहेत. चोडणच्या खारफुटीतले खंड्ये आहेत, करमळीच्या तळ्यातल्या जांभळ्या पाणकोंबड्या आहेत, पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग आहे. हिचं एकही चित्र नाही. ती कायम माझ्या पाठीमागे बसलेली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, आता कबूल केलेलं भराभर सांगतो.

जहांगीर बादशहाने मुकर्रबखानाला गोव्याच्या बंदरात दुर्मीळ वस्तू घ्यायला पाठवलं होतं. 1612 मध्ये तो जे घेऊन परतला त्यात एक टर्की होती. पोर्तुगीजांमुळे अमेरिकेतला हा पक्षी इथे पोचला. बादशहाने नुसतं वर्णन लिहून समाधान मानलं नाही, चित्रही काढायला लावलं. मन्सूरने काढलेली ती टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. याच जहांगिराने लैला-मजनू नावाची सारसांची जोडी पाळली होती. अंडी कधी घातली, उबवायला कोण कधी बसलं, सगळं टिपून ठेवलंय. त्याच्याच दरबारात 1625 च्या आसपास डोडोचं चित्र झालं. ते मन्सूरचं मानतात. तो डोडो गोव्यामार्गेच आला असावा असाही तर्क आहे. सतरावं शतक सरेपर्यंत डोडो पृथ्वीवरून संपला. जिवंत डोडो बघून काढलेली चित्रं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि अभ्यासक आज त्याचा रंग कसा होता हे ठरवायला या चित्राकडे येतात. त्या दिवशी मन्सूरने डोळा ‘जरा उजळ’ केला असता तर?

एलिझाबेथ गुल्ड. जन्म 1804. नवरा जॉन गुल्ड पक्ष्यांचे ग्रंथ काढायचा, आणि त्यातली सहाशेहून अधिक चित्रं हिच्या हातची. हिमालयातून पेंढा भरून आलेले पक्षी लंडनमध्ये बसून तिने रंगवले. 1838 मध्ये तीन लहान मुलं आईकडे ठेवून ती नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली, तिथले पक्षी काढले, परतली आणि 1841 मध्ये आठव्या बाळंतपणानंतर वारली. वय सदतीस. पुढे 1844 मध्ये गुल्डने ऑस्ट्रेलियातल्या एका रंगीत फिंचला तिचं नाव दिलं. मला हे पुरेसं वाटत नाही. ग्रंथ आजही नवऱ्याच्या नावाने ओळखले जातात. पण ते नाव देताना तो काय करत होता ते मला कळतं.

आणि सालिम अली. पत्नी तेहमिना रानावनात त्यांच्याबरोबर हिंडायच्या. 1939 मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. माणूस घरदार मोडून बहिणीकडे राहायला गेला, पण पक्षी सुटले नाहीत. दोनच वर्षांनी, 1941 मध्ये, भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं. 1987 मध्ये ते वारले आणि पुढच्याच वर्षी आपल्या चोडणच्या खारफुटीला त्यांचं नाव मिळालं. रायबंदरहून फेरीने जाल तेव्हा पाटीसमोर फोटो काढून परत फिरू नका. ओहोटीची वेळ बघून जा, चिखलावर पक्षी उतरतात, आणि निदान एक पक्षी नर की मादी एवढं ओळखेपर्यंत थांबा.

माझं शेवटचं. पाच वर्षं मला हिचं चित्र काढता आलं नाही. चेहरा काढायला बसलो की भिंतीवरचा तो उजळ फोटो मध्ये यायचा. गेल्या शिमग्यात बेहड्याखाली बसलो होतो. नर आला, फळं देऊ लागला. मागे मोजणारं कुणी नव्हतं म्हणून मीच मोजायला लागलो आणि वहीत आपोआप एक हात उतरला. स्केचपेन धरलेला. घरी त्यातलं एक कॅलेंडर मी अजून ठेवलंय. तिने भरलेला काळा आता विटून जांभळट झालाय. पुन्हा भरावा असं खूपदा मनात आलं, पण भरला नाही. तो तिच्या हातचा आहे.

ते कॅलेंडर आणि हाताचं चित्र, दोन्ही मागच्या टेबलावर ठेवलीत. अंगठ्यावर आदोळीने, म्हणजे विळीने, कापलेला जुना व्रण आहे, नखापासून आडवा गेलेला. तो डावीकडे जरा जास्त झुकला की काय, अशी मला शंका आहे. तुमच्यापैकी ज्यांना तिने पानावर वाढलंय, त्यांनी बसला जायच्या आधी तेवढा अंगठा नीट बघा आणि मला सांगा. पेन्सिल आणि खोडरबर मी बरोबर आणलंय.