वाट पाहणाऱ्या बाईच्या हाताला काम द्या

नमस्कार श्रोतेहो. पेशवाईतलं नाटक बसवायचं म्हटलं की मंडळी आधी तलवारी आणि पगड्यांच्या मागे लागतात. आमचं नाटक सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंचं होतं. 14 जानेवारी 1761 ला सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. पार्वतीबाईंनी ते मानलंच नाही. कुंकू पुसलं नाही, वाट पाहत राहिल्या. पुढे भाऊंचं नाव सांगणारा तोतया उभा राहिला आणि 1776 मध्ये त्याचं बंड झालं, तेव्हा भलेभले चकले.

तालीम चालायची सदाशिव पेठेत, म्हणजे भाऊंच्याच नावाच्या पेठेत. पार्वतीबाई करणारी मुलगी गुणी होती, पण झरोक्याशी उभी राहून हुंदके द्यायची. मीच तसं बसवलं होतं. नऊवारी नेसवायला एक आजी यायच्या. (शिवलेली नऊवारी रंगमंचावर आणूच नये, या मताचा मी आहे. बाई मांडी घालून बसली की कळतंच.) तर आजी कोपऱ्यातून म्हणाल्या, "अगं, रडतेस कशाला? तो यायचाय ना अजून?"

तालीम थांबली. आजींनी पिशवीतून कापूस काढला, वाटीत थोडं दूध घेतलं आणि म्हणाल्या, "बैस. वाती वळ. आणि आता बोल तुझं." मुलगी बसली. बोटं दुधात बुडवून फुलवाती वळू लागली. तोच प्रवेश, तीच वाक्यं, पण आवाज आपोआप खाली आला. दासी आत येऊन सांगते, "बाईसाहेब, भाऊसाहेब आलेत म्हणतात." मुलीने मान वर केली नाही. हातातली वात मात्र वळतच राहिली, वळून पूर्ण झालेली वात, पीळ पडून तुटेपर्यंत. तालमीत कुणी बोलेना. हुंदक्यांची सगळी वाक्यं मी त्याच संध्याकाळी कापली.

म्हणून पुन्हा सांगतो, वाट पाहणाऱ्या बाईच्या हाताला काम द्या. वाती असोत, तांदूळ निवडणं असो, पण काम हवं. रडायचं ते प्रेक्षकांना रडू दे.

आणि कॉलर माईक नको. उसासा स्पीकरमधून आला की तो कुणाचाच राहत नाही. मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याची मेहनत नटांनी करावी, पूर्वी करतच होते.

पेशवाईतली रात्र दाखवायची तर प्रकाश पिवळा आणि कमी ठेवा. खरी समई लावायची असेल तर नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना आधी विचारा, आणि वाळूची बादली विंगेत हाताशी ठेवा.