पहिला रस, दुसरा रस: शेल गॅसचं पुढं काय होणार (गोव्यात डिचोलीला झालेलं व्याख्यान)

मंडळी नमस्कार. आयोजकांनी विषय सांगितला तेव्हा मी म्हणलं, अहो डिचोलीत शेल गॅसवर ऐकायला कोण येणार, तर ते म्हणाले जमिनीखालचं काढून विकायचं म्हणजे काय ते इथल्या पोराटोरांना पण कळतं, तुम्ही या फक्त. खरंय ते. ट्रकांच्या रांगा, ती लाल धूळ, पाण्यानं भरलेले खड्डे, आणि २०१२ ला लोखंडाच्या खाणी एकदम बंद, हे सगळं बघितलेल्या माणसाला जमिनीत किती आहे आणि खिशात किती आलं यातला फरक मी काय शिकवणार. माझी सगळी नोकरी विहिरी खोदणाऱ्या रिगांवर गेली, त्यामुळं कंपनीवाले कसं बोलतात ते मला ठाऊक आहे, आज तेच जरा उलगडून सांगतो.

शेल म्हणजे चिखलाचा दगड, पापुद्र्या-पापुद्र्याचा, आपल्या शाळेतल्या पाटीच्या दगडाचा कच्चा भाऊ समजा. त्याच्यात गॅस असतो पण असा घट्ट अडकलेला की साधी बोअर मारली तर हू की चू नाही. मग करतात काय, दोन-तीन किलोमीटर सरळ खाली जायचं, तिथं ड्रिल वळवायचं, परत दोन-तीन किलोमीटर आडवं जायचं आणि मग प्रचंड प्रेशरनं पाणी आणि वाळू आत मारायची, दगडाला बारीक चिरा पडतात आणि वाळूचे कण त्या चिरा मिटू देत नाहीत, यालाच फ्रॅकिंग म्हणतात. टेक्सासमधल्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल या माणसानं वर्षानुवर्षं पैसा ओतला, लोक वेडा म्हणत होते, आणि १९९८ च्या सुमारास गणित जमलं.

आता यातली गोम. नारळ खवला, वाटला, पिळला की पहिला रस कसा दाट येतो, आपण आपरोस म्हणतो तो. परत पाणी घालून पिळलात तर दुसरा पातळ, तिसरा म्हणजे नुसतं धुवण. शेलच्या विहिरीचं अगदी हेच आहे. पहिल्या वर्षातच उत्पादन निम्म्याहून जास्त घसरतं, म्हणजे कंपनीला आहे तिथंच राहायला सुद्धा सारखे नवे नारळ फोडत बसावं लागतं! (हशा) हसताय, पण वॉल स्ट्रीटला हे कळायला दहा वर्षं लागली हो. २००९ च्या शेवटी एक्झॉन या अमेरिकी तेल कंपनीनं एक्सटीओ ही गॅसवाली कंपनी साधारण ४१ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, मग सगळ्यांनी मिळून इतका गॅस काढला की भाव कोसळला, आणि २०१२ ला त्याच एक्झॉनचा प्रमुख रेक्स टिलरसन जाहीरपणे बोलून गेला की या भावात आमच्या अंगावरचे कपडे जायची वेळ आलीय. चेसापीक, जी या धंद्याची पोस्टर कंपनी होती, तिनं २०२० ला दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकेला स्वस्त गॅस मिळाला, काढणाऱ्यांचं मात्र दिवाळं, असा हा मजेशीर क्रांतीचा प्रकार.

म्हणून कंपनीनं भविष्य सांगितलं की मी आधी बघतो बोलतोय कोण. शेअर विकायचे असतील तर विहिरी सोन्याच्या असतात, सरकारकडून सवलत हवी असेल तर त्याच विहिरी लगेच नाजूक होतात.

बाहेरच्या देशांत काय झालं बघा. २०११ ला अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं जगाचा अंदाज काढला, त्यात पोलंडच्या नावावर ५.३ लाख कोटी घनमीटर गॅस. पोलंडवाले खूष, रशियाची कटकट गेली म्हणून. पुढच्याच वर्षी त्यांच्याच भूगर्भ संस्थेनं मोजलं तर दहाव्या हिश्शाच्या आसपास निघालं. सत्तरेक विहिरी मारल्या, दगड खोल आणि चिकणमातीचा, चीर पडून उपयोग नाही, गॅस नीट वाहीचना. एक्झॉन २०१२ ला निघून गेली, शेवरॉन २०१५ ला. चीननं २०२० साठी ६० ते १०० अब्ज घनमीटरचं टार्गेट ठेवलेलं, मग गुपचूप ३० वर आणलं, हाती आले २० च्या आसपास, ते पण सिचुआनच्या डोंगरात सरकारी कंपन्यांनी जीव काढून. फ्रान्सनं तर २०११ लाच फ्रॅकिंगवर बंदी घातली, विषय संपला.

इंग्लंडची गोष्ट जरा थांबून सांगतो कारण ती आपल्याला लागू पडते. लँकाशायरमध्ये फ्रॅकिंग सुरू होतं, ऑगस्ट २०१९ मध्ये २.९ चा धक्का बसला. भूकंप म्हणून किरकोळच, कपबश्या हलल्या असतील. पण नोव्हेंबरात सरकारनं काम थांबवलं. २०२२ ला पंतप्रधान लिझ ट्रसबाईंनी बंदी उठवली, महिनाभरात त्यांच्या जागी आलेल्या सुनकांनी परत घातली. आता टेक्सासात एवढा विरोध का झाला नाही? कारण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी जमिनीखालचं खनिज पण जमिनीच्या मालकाचंच असतं, रॉयल्टीचा चेक त्याच्या घरी येतो, मग रात्रभर ट्रक गेले तरी शेतकरी कानात कापूस घालून झोपतो. इंग्लंडात खालचा तेल-गॅस राजसत्तेचा, लोकांच्या वाट्याला फक्त ट्रक. आपल्याकडे पण तेल-गॅस सरकारचाच. ट्रकाचा आवाज कुणाला आणि पैसा कुणाला, हे डिचोलीत मी अजून काय सोडवून सांगू?

आणि पाणी. एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटर सहज लागतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दीड-दोन हजार टँकर, एका विहिरीला. मे महिन्यात एका टँकरसाठी किती फोन करावे लागतात ते तुम्हीच सांगा.

अमेरिकेबाहेर खरं चाललंय म्हणाल तर अर्जेंटिनात. तिथल्या शेलच्या पट्ट्याचं नाव वाका मुएर्ता, म्हणजे मेलेली गाय, नावाला जाऊ नका, दगड उत्तम आहे आणि माळरान मोकळं. तिथं अडलं होतं पाइपलाइनवर, ती जुलै २०२३ ला सुरू झाली, आता २०२७ पासून तरंगत्या जहाजावर गॅस थंड करून बाहेर पाठवायचं ठरलंय. पण सरकार बदललं की नियम बदलतात, त्यामुळं बाहेरच्या कंपन्या तिथं एक पाय दारातच ठेवून बसतात.

आपल्या कंपन्यांनी काय केलं? ओएनजीसीनं दुर्गापूरजवळ इछापूरला २०११ ला शेलमधून गॅस काढून दाखवला, गुजरातेत पण विहिरी मारल्या, धोरण आलं २०१३ ला, धंदा म्हणून मात्र काही उभं राहिलं नाही. रिलायन्सनं २०१० ला थेट अमेरिकेत तीन ठिकाणी भागीदारी घेतली आणि २०२१ पर्यंत सगळं विकून बाहेर. गेल या सरकारी गॅस कंपनीनं मात्र वेगळं केलं, विहीर नको, अमेरिकेचा गॅसच विकत घ्या. २०११ ला वर्षाला ३५ लाख टनांचा २० वर्षांचा करार, आणि पहिलं जहाज मार्च २०१८ ला आलं कुठं तर दाभोळला. हो, एन्रॉनचं दाभोळ तेच, आपल्या शेजारच्या रत्नागिरीतलं! लाटा अडवणारी भिंत अर्धवट, म्हणून कित्येक वर्षं पावसाळ्यात जहाज लागायचं नाही, आपल्या होड्यांसारखंच. त्या करारावर मधे सगळे हसायचे कारण तेल स्वस्त झालेलं आणि त्याच्यामागं बाकीचा गॅस पण, २०२२ ला युरोपात गॅसचा भाव पेटला तेव्हा तेच हसणारे शहाणपणाचे गोडवे गायला लागले.

माझं मत विचाराल तर शेलचं भविष्य या जहाजात आहे, देशोदेशी विहिरी मारण्यात नाही. दगड अमेरिकेचा, थोडा अर्जेंटिनाचा, थोडा चीनचा, बाकी जग गिऱ्हाईक. २०२३ ला अमेरिका जगातली सगळ्यात मोठी एलएनजीची, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या गॅसची, निर्यातदार झाली ती या शेलच्या जोरावरच. आणि आपल्या गोव्यातच बेतुलला फेब्रुवारी २०२४ मध्ये ते मोठं एनर्जी वीक झालं, मंत्री-संत्री सगळे आलेले, तिथं सही कशावर झाली? कतारबरोबर वर्षाला ७५ लाख टन, २०४८ पर्यंत. म्हणजे गिऱ्हाईक पण हुशार आहे, एकाच दुकानात उधारी ठेवत नाही.

शेवटी एका काकांनी विचारलं, गोव्यात खोदतील का? काका, निवांत झोपा. आपला दगड अडीचशे कोटी वर्षांचा, भाजून भाजून कडक झालेला, त्यात लोखंड सापडेल, गॅस नाही.

मागून एक बाय विचारतायत, आमच्या सिलिंडरात हा गॅस असतो का. हा प्रश्न आवडला मला. सिलिंडरातला गॅस वेगळा, एलपीजी, म्हणजे प्रोपेन-ब्युटेन. पण शेलच्या विहिरीतून गॅसबरोबर हे पण भरपूर निघतं, आणि नोव्हेंबर २०२५ ला आपल्या सरकारी तेल कंपन्यांनी २०२६ साठी अमेरिकेतून २२ लाख टन एलपीजी घ्यायचा करार केलाय. तेव्हा बाय, पुढच्या चवथीला तुमच्या नेवऱ्या टेक्सासच्या गॅसवर तळल्या जाण्याची चांगलीच शक्यता आहे, सिलिंडर वेळेवर आला तर.