गाळातल्या डायटमवरून तळ्याचा इतिहास कसा काढतात?

नमस्कार! डायटम हे एकपेशीय शैवाल. त्याचं कवच सिलिकाचं असतं, म्हणून ते मेल्यावरही गाळात टिकतं. काही जातींना आम्लधर्मी पाणी मानवतं, काहींना फॉस्फरसने भरलेलं. एखाद्या थरात कोणत्या जाती किती आहेत हे मोजलं की त्या काळचं पाणी कसं होतं ते कळतं. अट एकच, नमुना बिघडलेला नको.

कोअर, म्हणजे नळी खुपसून काढलेला गाळाचा उभा दंडगोल, शक्यतो तळ्याच्या सर्वांत खोल भागातून घ्या. अर्ध्या सेंटीमीटरचे काप करा आणि कडेचा गाळ टाकून द्या, कारण नळी खाली जाताना वरचा गाळ कडेने ओढत नेते. गेल्या शे-दीडशे वर्षांचं वय शिसं-210 या किरणोत्सारी मूलद्रव्यावरून काढतात. अणुचाचण्यांतून पसरलेल्या सीझियम-137चं 1963चं शिखर हा त्याचा पडताळा.

आता सफाई, म्हणजे कवचांभोवतीचा सेंद्रिय भाग काढून टाकणं. 0.1 ग्रॅम ओला गाळ घ्या, त्यात 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबाथेंबाने सोडा. हातमोजे, गॉगल आणि फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) हवेच. घाई केली की फेस उतू जातो आणि नमुनाही त्याच्याबरोबर जातो. मग बुडबुडे थांबेपर्यंत 80 अंशांवर ठेवा. गार झाल्यावर, चुना असेल तर, थोडं विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. डिस्टिल्ड वॉटरने चार-पाच वेळा धुवा, दर वेळी रात्रभर निवळू द्या. सेंट्रिफ्यूज जोरात फिरवलं तर लांब, नाजूक कवचं मोडतात.

कव्हरस्लिपवरचा थेंब हवेवरच वाळवा. उष्णता दिली तर कवचं कडेला गोळा होतात आणि मोजणी चुकते. चिकटवायला नॅफ्रॅक्स नावाची राळ वापरा. तिचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचं प्रमाण) 1.7च्या आसपास, म्हणजे कवचापेक्षा बराच जास्त आहे, त्यामुळे नक्षी ठळक दिसते. 1000 पट मोठं करून निदान 300 कवचं मोजा. तुकडा कधी धरायचा, कधी सोडायचा, हा नियम आधीच ठरवा.

इथे बरेच जण फसतात. टक्केवारीत एक जात घटली की बाकीच्या न वाढताही वाढलेल्या दिसतात. म्हणून नमुन्यात ठाऊक संख्येचे सूक्ष्मगोल (बारीक कृत्रिम गोळ्या) मिसळा आणि कवचांबरोबर तेही मोजा, म्हणजे खरी घनता मिळते. शिवाय अल्कधर्मी, खारट पाण्यात पातळ कवचं विरघळतात आणि जाड तेवढी उरतात. त्यामुळे कवचं किती झिजली आहेत याचीही नोंद ठेवा.

स्कॉटलंडमधल्या राउंड लॉख ऑफ ग्लेनहेड तळ्यात साधारण 1850 नंतरच्या थरांत टॅबेलेरिया क्वाड्रिसेप्टाटासारख्या आम्लप्रिय जाती वाढत गेल्या. त्यावरून काढलेला पीएच साडेपाचच्या आसपासून पाचच्या खाली आला. वृक्षलागवडीनेही पाणी आम्लधर्मी होऊ शकतं, पण या तळ्याभोवती ती झालेलीच नव्हती, म्हणून तो दोष लागवडीवर ढकलता येईना. वरच्या थरांत तर कोळसा जळून उडालेले कार्बनचे कणही सापडले. त्यामुळे बोट आम्लवर्षेकडेच वळलं.