आधी घडी, मग चित्र

मघापासून पहिल्या रांगेतून मागे सरकत असलेला तो पांढरा पुठ्ठा शेवटपर्यंत जाऊ द्या. त्यावर काहीच छापलेलं नाही, म्हणून दोघातिघांनी तो उलटा करून बघितला. एकीने कप्प्यात बोटं घालून आत काही आहे का ते चाचपलं. तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी घडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मला तेच बघायचं होतं. ही गाण्यांच्या एका अल्बमच्या कव्हरची डमी आहे, म्हणजे कोरा नमुना. ज्या जाडीच्या पुठ्ठ्यावर काम छापायचं त्याच पुठ्ठ्याची, खऱ्या मापाची, कात्रीने कापून चिकटवलेली. बँडचं काम हातात आलं की कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी मी ही करते आणि दोनतीन दिवस टेबलावर टाकून ठेवते. येताजाता उघडते. अंगठा कुठे पडतो, पहिल्यांदा काय दिसतं, तबकडी काढताना कुठे अडकते. चित्राचा विचार त्यानंतर.

तुम्ही म्हणाल, कव्हर म्हणजे चित्रच की! बँडला तर हमखास तसं वाटतं. पण या धंद्याची सुरुवात बाइंडिंगमधून झाली. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्यांच्या काळात एका बाजूला जेमतेम तीनचार मिनिटं मावायची. मोठी रचना असली तर चारपाच तबकड्या लागत. त्या कागदी पाकिटांत घालून ती पाकिटं फोटोंच्या अल्बमसारखी एकत्र बांधत. ‘अल्बम’ हा शब्द तिथला. पुढे सगळी गाणी एकाच तबकडीवर मावायला लागली तरी शब्द काही सुटला नाही. बाहेरून हा अल्बम म्हणजे तपकिरी नाहीतर करडा पुठ्ठा आणि त्यावर नाव, बस.

१९३८ मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये अॅलेक्स स्टाइनवाइस नावाचा विशीतला तरुण कलादिग्दर्शक म्हणून लागला आणि त्याने या पुठ्ठ्यांवर चित्रं आणली. त्याच्या चित्रांचं कौतुक सगळेच करतात. मला त्याचं पुढचं काम जास्त मोलाचं वाटतं. १९४८ मध्ये एलपी, म्हणजे सगळी गाणी एकीवरच मावणारी ‘लाँग-प्ले’ तबकडी आली, तेव्हा जुनी जाड घडीदार कागदी पाकिटं तिच्या बारीक खाचांवर वळ उठवू लागली. त्यावर स्टाइनवाइसने पातळ पुठ्ठ्याचं, वरून छापील कागद चिकटवलेलं पाकीट आखलं. आज एलपीचं कव्हर म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं ते हेच. तबकडीला इजा होऊ नये, एवढ्या साध्या काळजीतून ते आलेलं आहे.

ती काळजी विसरली की काय होतं ते १९७१ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या ‘स्टिकी फिंगर्स’ अल्बमच्या कव्हरवर जीन्सचा फोटो होता आणि त्या फोटोला खरीखुरी धातूची चेन लावलेली. कल्पना चित्रकार अँडी वॉरहॉलची, ती प्रत्यक्षात उतरवली क्रेग ब्राउनने. कल्पना भन्नाटच होती. मग गठ्ठे रचून माल रवाना झाला, आणि वरच्या वजनाने प्रत्येक चेन शेजारच्या तबकडीत रुतायला लागली. गाण्याच्या खाचांवरच खळगा. उपाय काय निघाला असेल? चेन काढायची नाही, पुठ्ठाही बदलायचा नाही. प्रत्येक चेन मधोमध येईपर्यंत उघडायची आणि मगच माल पाठवायचा. म्हणजे तिचा दाब तबकडीच्या मधल्या लेबलवर पडतो, आणि तिथे गाणं नसतंच. एवढी साधी आणि एवढी हुशार युक्ती मी क्वचितच पाहिली आहे. पण ती माल परत आल्यावर सुचली. डमी करून दहा प्रती एकमेकींवर ठेवल्या असत्या, वर चार जाड पुस्तकं ठेवली असती, तर आधीच कळलं असतं. मी अजूनही प्रत्येक कामाला पुस्तकं ठेवून बघते.

घडीचा उपयोग कसा करावा, हे पिंक फ्लॉइड या बँडच्या १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’च्या त्या लोलकवाल्या कव्हरवर शिकावं. काम हिप्नोसिस या स्टुडिओचं, रेखाटन जॉर्ज हार्डीचं. पुढचं चित्र तुम्ही शंभर टीशर्टांवर पाहिलं असेल. पण टीशर्टवर ते अर्धंच असतं. मूळ कव्हर उघडलं की लोलकातून निघालेला रंगांचा पट्टा आतल्या दोन्ही पानांवरून चालत जातो आणि मध्येच हृदयाच्या ठोक्यासारखा उसळतो. मागच्या बाजूला उलटा लोलक पट्ट्याला पुन्हा गोळा करतो. दुकानात दोनचार प्रती ओळीने उघडून मांडल्या तर प्रकाश एका कव्हरमधून दुसऱ्यात वाहत राहतो. बरं, त्या पट्ट्यात रंग मोजा, सात नाहीत, सहाच आहेत. शाळेतलं इंद्रधनुष्य जसंच्या तसं काढायचं बंधन त्यांनी घेतलं नाही.

आता अडचण अशी की आज तुमचा बहुतेक श्रोता कव्हर उघडतच नाही. एलपीचं कव्हर साधारण ३१ सेंटिमीटरचं. सीडी आली आणि ते १२ सेंटिमीटरवर आलं, म्हणजे क्षेत्रफळ साडेसहा पटींनी आक्रसलं. त्या वेळी लोक म्हणाले की कव्हरची कला मेली. आता आपण ३००० बाय ३००० पिक्सेलची फाइल चढवतो आणि ती फोनवर नखाएवढी दिसते! म्हणून काहीजण सगळं डिझाइन नखासाठीच करतात: मोठा चेहरा, भडक रंग, संपलं. मला ते पटत नाही. चौकोन नखाएवढा असेल तर त्याच्याकडून नखाएवढंच काम घ्या, त्याने फक्त ओळख द्यावी. उघडायची, उलटायची, वाचायची मजा ज्यांनी खरी प्रत विकत घेतली त्यांच्यासाठी राखून ठेवा.

आणि नखाएवढ्या जागेत ओळख द्यायची म्हटलं की आपण लोगोपाशी येतो.

रोलिंग स्टोन्सची जीभ १९७० मध्ये जॉन पॅशने काढली. तेव्हा तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकत होता. मिक जॅगरने त्याला कालीमातेचं चित्र दाखवलं होतं, त्यातली बाहेर आलेली जीभ पॅशने उचलली. मोबदला ५० पौंड. मूळ चित्र २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने विकत घेतलं. हा किस्सा मानधनाचं हसं म्हणून सांगतात, मला मात्र त्या चित्रात एकही अक्षर नाही हे महत्त्वाचं वाटतं. त्यामुळे ते ड्रमच्या पडद्यावर चालतं, बटणावर चालतं, भरतकामात चालतं, आणि जगातल्या कुठल्याही लिपीत वाचता येतं.

अक्षरांचा लोगो याहून कठीण. एसी/डीसी या बँडचा लोगो जेरार्ड ह्युर्टाने १९७७ च्या अल्बमसाठी काढला. त्याचा आधार होता गुटेनबर्गच्या बायबलमधली अक्षरं. चार अक्षरं, मध्ये विजेचा तुकडा, आणि सगळ्यात एकही गोलाई नाही. गोलाई नसल्यामुळे शाळकरी पोरगा पट्टी घेऊन तो वहीवर काढू शकतो. माझी लोगोची पहिली कसोटी हीच आहे. चाहत्याला तो बाकावर कोरता आला पाहिजे. हेवी मेटलमधले काट्याकुट्यांच्या जाळीसारखे, वाचताच न येणारे लोगो या कसोटीत नापास होतात, पण त्यांना पास व्हायचंच नसतं. आपल्यातल्यांनाच ओळखू यावं म्हणून ते मुद्दाम तसे असतात.

काही वेळा आकार आपल्याला नको ते बोलतो. किस या बँडचा लोगो त्यांच्याच गिटारवादकाने, एस फ्रेलीने काढला, शेवटचे दोन ‘एस’ विजेसारखे. जर्मनीत मात्र ते दोन ‘एस’ नाझी एसएसच्या बंदी घातलेल्या चिन्हासारखे दिसू लागले, आणि तिथल्या प्रतींसाठी लोगो बदलावा लागला. तेव्हा लोगो पक्का करण्यापूर्वी परक्या माणसाला दाखवा. उलटा करून दाखवा, आरशात दाखवा.

देवनागरीत काम करणाऱ्यांसाठी एक वेगळीच ठेच आहे आणि ती मला चांगलीच लागली आहे. एका बँडचं नाव ‘भ’ने सुरू व्हायचं. पोस्टरवर अक्षर देखणं दिसत होतं, जाड, घट्ट, सगळ्यांनी मान डोलावली. मग तेच गिटारच्या पिकवर, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकतीवर छापलं, करंगळीच्या पेराएवढं, आणि ‘भ’च्या डोक्यावरची ती छोटी फट शाईने भरली. ‘भ’चा ‘म’ झाला. बँडचं नाव बदललं की हो! ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातही हीच भानगड. आपल्या लिपीत शिरोरेषा कुठे तुटते यावर अक्षर ठरतं, आणि छपाईत सगळ्यात आधी बुजते ती हीच तूट. तेव्हापासून मी एकच लोगो दोनदा काढते. लहान मापासाठी फट जवळपास दीडपट रुंद, रेषा बारीक, गाठींची पोकळी जास्त मोकळी. शेजारी ठेवले तर फरक कळतो, एकेकटे बघितले तर नाही. शिवाय वर मात्रा, खाली उकार असले की चौकोनात अक्षराचा मधला पट्टा फारच बारीक उरतो, तोही हिशेब आधी धरावा लागतो. आणि हो, शिरोरेषेची तार करून तिच्या टोकाला गिटारची मान जोडायचा मोह प्रत्येकाला होतो. एकदा करून घ्या, मनसोक्त बघा, आणि फाइल बंद करा.

बँडशी बैठक कशी घ्यायची, हा प्रश्न दरवेळी येतो. पाच माणसं, सात मतं, आणि सगळ्यांना ‘काहीतरी वेगळं’ हवं असतं. मी आवडती कव्हरं विचारत नाही, कारण मग त्यांच्याच नकला मागितल्या जातात. मी विचारते, सध्या भिंतीवर काय चिकटवलंय, फोनमध्ये कशाचे फोटो काढून ठेवलेत. जॉय डिव्हिजन या बँडच्या १९७९ च्या पहिल्या अल्बमवरच्या त्या डोंगरांसारख्या रेषा डिझाइनर पीटर सॅव्हिलने शोधलेल्या नव्हत्या. बँडनेच त्याला एका खगोलशास्त्राच्या विश्वकोशातलं चित्र दिलं होतं: पहिल्या सापडलेल्या पल्सारचे, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ लहरी सोडणाऱ्या ताऱ्याचे स्पंद, एकाखाली एक मांडलेले. तिथे पांढऱ्यावर काळ्या रेषा होत्या. सॅव्हिलने त्या काळ्यावर पांढऱ्या केल्या, लहान केल्या, पोताच्या कागदावर छापल्या आणि पुढच्या बाजूला नावगाव काहीच ठेवलं नाही. कधी कधी डिझाइनरचं काम तेवढंच असतं. बँडच्या हातात आहे ते ओळखायचं आणि योग्य बाजूने धरायचं.

काळ्यावर पांढरं म्हटलं की मला माझी फजिती आठवते. एका अल्बमच्या आतल्या पानावर आभारांची यादी होती. पान गर्द काळं हवं म्हणून मी नुसती काळी शाई न घेता छपाईच्या चारही रंगांचा काळा केला, आणि त्यावर नाजूक, बारीक पांढरी अक्षरं सोडली. स्क्रीनवर मखमलीवर चांदी मांडल्यासारखं दिसत होतं. आता बघा, त्या काळ्यात चार प्लेट्स, प्रत्येक रंगाची एक, एकमेकींवर बसतात आणि पांढरं अक्षर म्हणजे चारही प्लेट्समध्ये तंतोतंत एकाच जागी सोडलेलं भोक. एखादी प्लेट केसभर सरकली की भोकाच्या कडेने गुलाबी नाहीतर निळा रंग आत शिरतो. माझ्या अक्षरांची जाडीच केसाएवढी. छापून आलं तेव्हा अर्धी नावं बुजलेली. छापणाऱ्याचा दोष नव्हता, तेवढी हालचाल मशीनवर होतेच, ती मी धरायला हवी होती. ड्रमरची आई प्रकाशनाला आली होती. चष्मा लावून, प्रत दिव्याखाली तिरपी धरून ती स्वतःचं नाव शोधत होती. सापडलं नाही. मी लांब उभी राहून बघत होते.

त्या यादीपेक्षा महत्त्वाचा मजकूर कव्हरवर कुठलाच नसतो. कुणी काय वाजवलं, कुणी ध्वनिमुद्रण केलं, कुणी मदत केली. चित्र आवडलं नाही तर लोक विसरतात, नाव चुकलं तर जन्मभर लक्षात ठेवतात. आता मी तो मजकूर ठळक आणि एक माप मोठा घेते, त्याच्यामागे फक्त काळ्या शाईचा पट्टा ठेवते, आणि प्रूफ ज्याचं नाव त्याच्याकडूनच वाचून घेते.

गर्द रंगाचा आणखी एक छळ घडीवर होतो. पुठ्ठ्याच्या तंतूंना एक दिशा असते. घडी त्या दिशेने घेतली तर निमूट वळते, आडवी घेतली तर वरची शाई तडकते आणि काळ्या कण्यावर पांढरी चीर दिसते. प्रत दहा वेळा उघडली की ती चीर दुरूनही दिसते. म्हणून डमी करताना पुठ्ठा दोन्ही दिशांनी वाकवून बघायचा. कमी अडतो ती तंतूंची दिशा.

डमी फिरून आली वाटतं. द्या इकडे. हे बघा, खालचा उजवा कोपरा दुमडलाय, म्हणजे सगळे इथूनच उघडतात, मी कप्पा डावीकडे ठेवला तो बरोबर होता. पण या काठावर, बोटभर रुंदीत, तुमच्या सगळ्यांचे डाग पडलेत, आणि मी तिथे पांढराच रंग ठेवणार होते. आज घरी गेल्यावर बदलते.